पिस्तुलावरील विजेरी : निवड कशी करावी?

रात्री उशिरा चोरपावलांनी घरी परतलेला मुलगा, पाणी प्यायला उठलेली वृद्ध आई, चुकून भलत्याच दारात शिरलेला शेजारी आणि खरोखरीचा चोर हे चौघेही अंधारात एकाच काळ्या आकृतीसारखे दिसतात. समोर कोण आहे, त्याच्या हातात काय आहे, हे दिसल्याखेरीज पिस्तुलाचा चाप ओढण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. ज्या देशांत स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल बाळगण्याची प्रथा आहे, त्यांत अमेरिका अग्रभागी आहे. पिस्तुलाच्या नळीखाली बसवायच्या छोट्या विजेरीचा सर्वाधिक प्रसारही तेथेच झाला. पोलिस, लष्कर, खासगी सुरक्षारक्षक आणि सामान्य शस्त्रधारक असे तिचे निरनिराळे ग्राहक आहेत.

बाजारात अशा विजेऱ्यांचे असंख्य नमुने आहेत. वेष्टनावरील मोठमोठे आकडे पाहून भुलणे सोपे असते. मात्र या साधनाकडून अपेक्षा एकच असते : कळ दाबताच दिवा लागला पाहिजे आणि दाबलेली नसताना तो लागता कामा नये. निवडीचे बाकी सारे निकष याच अपेक्षेतून निघतात.

हातातून पिस्तुलाकडे

फार काळ पोलिस एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हातात विजेरी धरत असत. त्यासाठी अनेक पद्धती रूढ झाल्या. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत विजेरी शरीरापासून दूर, हात लांब करून धरली जाई. प्रकाशाच्या दिशेने गोळी आली तरी ती शरीराला लागू नये, हा त्यामागील हेतू. १९७० च्या दशकात पुढे आलेल्या हॅरीज पद्धतीत विजेरीचा हात पिस्तुलाच्या हाताखालून नेऊन दोन्ही मनगटे पाठीला पाठ लावून टेकवली जात. या पद्धती आजही शिकवल्या जातात. त्यांची मोठी अडचण अशी, की पिस्तुलावरची दोन्ही हातांची पकड सुटते आणि दार उघडायला किंवा मुलाला मागे ओढायला हात मोकळा राहत नाही.

पिस्तुलावरच विजेरी बसवण्याचे प्रयोग १९८० च्या दशकातही झाले होते. मात्र तेव्हा त्यासाठी पिस्तुलात खास बदल करावे लागत. हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीने १९९३ साली आणलेल्या यूएसपी पिस्तुलाच्या सांगाड्यावर नळीखाली खाचा होत्या. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीच्या तिसऱ्या पिढीच्या पिस्तुलांवरही १९९० च्या दशकाच्या अखेरीस अशी रेल आली. दरम्यान १९९५ साली अमेरिकी लष्कराने ‘मिल-एसटीडी-१९१३’ हे रेलचे प्रमाण स्वीकारले. न्यू जर्सीतील पिकाटिनी शस्त्रागारावरून ती रेल ‘पिकाटिनी रेल’ म्हणून ओळखली जाते. त्यानंतर पिस्तुलाच्या सांगाड्यावर रेल असणे ही जवळपास रीतच झाली.

दुसरा बदल दिव्यात झाला. सुरुवातीच्या विजेऱ्यांत तारेचा, वायू भरलेला बल्ब असे. गोळीच्या धक्क्याने ती नाजूक तार तुटण्याचा धोका असे आणि बॅटरीही लवकर संपे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शक्तिशाली एलईडी आले आणि तुटणारी तारच उरली नाही. एलईडीमुळे प्रकाशही कित्येक पटींनी वाढला.

ल्युमेन आणि कँडेला

विजेरीच्या वेष्टनावर सर्वांत मोठा आकडा ल्युमेनचा असतो. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. हा प्रकाश एखाद्या दिशेला किती एकवटला आहे, हे कँडेला या एककाने सांगितले जाते. पाण्याच्या नळीचे उदाहरण घेतले तर किती लिटर पाणी बाहेर पडते ते ल्युमेन आणि नळीचे तोंड चिमटीत धरल्यावर धार किती जोरात जाते ते कँडेला.

कंपन्यांच्या माहितीपत्रकांतील आकडे पाहिले की हा फरक स्पष्ट होतो. शुअरफायर कंपनीच्या एक्स३०० अल्ट्रा या विजेरीचा प्रकाश १००० ल्युमेन असून तीव्रता ११,३०० कँडेला आहे. त्याच कंपनीच्या एक्स३०० टर्बोचा प्रकाश केवळ ६५० ल्युमेन असला तरी तीव्रता ६६,००० कँडेला आहे. स्ट्रीमलाइट कंपनीची टीएलआर-१ एचएल १००० ल्युमेन आणि २०,००० कँडेलाची, तर आखूड पिस्तुलांसाठीची टीएलआर-७ए ५०० ल्युमेन आणि ५,००० कँडेलाची आहे.

झोत किती अंतरापर्यंत पोहोचतो हे ठरवण्याचे सूत्र सोपे आहे. विजेऱ्यांच्या मोजमापासाठी अमेरिकेत २००९ साली एफएल-१ हे प्रमाण तयार झाले. त्यानुसार पृष्ठभागावर ०.२५ लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड जेथवर पडतो ते झोताचे अंतर मानतात. कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट केली की हे अंतर मीटरमध्ये मिळते. १०,००० कँडेलाच्या विजेरीचे अंतर या हिशेबाने २०० मीटर भरते. मात्र चांदण्यात माणूस उभा आहे एवढेच कळते, त्याच्या हातात मोबाइल आहे की सुरा हे कळत नाही. त्यासाठी त्या जागी प्रत्यक्ष किती उजेड पडतो ते पाहावे. कँडेलाला अंतराच्या वर्गाने भागले की लक्स मिळतात. म्हणजे १०,००० कँडेलाचा झोत १० मीटरवर १०० लक्स उजेड देतो, २५ मीटरवर १६ आणि ५० मीटरवर अवघे ४ लक्स. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, हे खरेदीदाराने ध्यानात ठेवावे.

घराच्या खोल्यांत अंतरे थोडी असतात आणि पांढऱ्या भिंती व छत प्रकाश परत फेकतात. तेथे रुंद, मवाळ झोत उपयोगी पडतो. मधला भाग उजळतोच, शिवाय कडेच्या उजेडात बाजूला उभा असलेला दुसरा माणूसही दिसतो. मोकळ्या अंगणात, शेतात, वाहनाच्या काचेतून किंवा रस्त्यावरील दिव्यांच्या झगमगाटात पाहायचे असेल तर एकवटलेला, जास्त कँडेलाचा झोत लागतो. धूर आणि धुक्यात मात्र प्रत्येक झोताचा काही भाग माघारी फिरून पाहणाऱ्याच्याच डोळ्यांवर येतो. सर्व ठिकाणी सर्वोत्तम अशी विजेरी अस्तित्वात नाही. वापर कोठे होणार हे आधी ठरवावे आणि मगच आकडे वाचावेत.

धक्का सोसणारी बांधणी

खिशातील विजेरी आणि पिस्तुलावरील विजेरी यांतील मुख्य फरक धक्क्याचा. प्रत्येक गोळीबरोबर पिस्तूल झटक्याने मागे येते आणि स्लाइड पुन्हा पुढे जाऊन आदळते. म्हणजे विजेरीला दोन्ही दिशांनी हिसका बसतो. या हिसक्यात आतील बॅटरी क्षणभर स्प्रिंगपासून सुटली तर दिवा लुकलुकतो किंवा विझतो. चांगल्या विजेरीत बॅटरीच्या स्पर्शपट्ट्या व स्प्रिंगा त्यासाठी भक्कम केलेल्या असतात, इलेक्ट्रॉनिक चकती पक्की बसवलेली असते आणि भिंग दणकट असते.

येथे एफएल-१ प्रमाणाची मर्यादा समजून घ्यायला हवी. त्यातील आघातचाचणीत विजेरी ठरावीक उंचीवरून काँक्रीटवर टाकून पाहतात. पाण्यासाठी आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सोसणारी आणि आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकणारी, असे दर्जे आहेत. गोळीच्या धक्क्याची चाचणी मात्र या प्रमाणात नाही. त्यामुळे एफएल-१ चे चिन्ह आहे म्हणून विजेरी पिस्तुलावर टिकेल असे मानता येत नाही. कंपनी आपले उत्पादन शस्त्रासाठीच बनवते काय, कोणत्या पिस्तुलांसाठी त्याची हमी देते आणि दुरुस्तीची सोय आहे काय, याची चौकशी करावी.

नामवंत विजेऱ्यांच्या हुबेहूब प्रतिकृती ऑनलाइन बाजारात अल्प किमतीत मिळतात. त्यांपैकी कित्येक छऱ्यांच्या खेळण्यातील पिस्तुलांसाठी बनवलेल्या असतात. दिसायला त्या सारख्या असल्या तरी खऱ्या पिस्तुलाचा धक्का सोसण्याची त्यांची रचना नसते. किंमत अविश्वसनीय वाटण्याइतकी कमी असेल तर तो सौदा टाळलेलाच बरा.

प्रकाश टिकण्याच्या कालावधीचा आकडाही नीट वाचावा लागतो. प्रमाणानुसार प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजला जातो. वेष्टनावर दीड तास लिहिले असेल तर त्याचा अर्थ दीड तास पूर्ण प्रकाश असा होत नाही. उष्णतेमुळे किंवा बॅटरी उतरल्याने प्रकाश हळूहळू मंदावत जातो.

बॅटरी : सर्वांत स्वस्त, सर्वांत निर्णायक

बहुतेक विजेऱ्यांत सीआर१२३ए प्रकारच्या ३ व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्या वापरतात. मोठ्या विजेरीत दोन, लहान विजेरीत एक. साध्या अल्कलाइन सेलच्या तुलनेत त्या थंडीत चांगल्या चालतात, गळण्याची शक्यता कमी असते आणि न वापरता साधारण १० वर्षे टिकतात. कपाटात महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या साधनासाठी हे गुण महत्त्वाचे आहेत.

दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीच्या आणि नव्या घालाव्यात. एक नवी व एक उतरलेली अशी जोडी धोकादायक ठरते. उतरलेल्या बॅटरीवर उलटा भार येऊन ती तापू शकते, तिच्यातून वायू बाहेर पडू शकतो आणि प्रसंगी ती फुटूही शकते. पुन्हा भारित होणाऱ्या त्याच आकाराच्या काही बॅटऱ्यांचा दाब पूर्ण भारित असताना ४.२ व्होल्ट असतो. दोन मिळून ८.४ व्होल्ट, तर विजेरीची रचना असते ६ व्होल्टसाठी. कंपनीने स्पष्ट परवानगी दिलेली नसेल तर अशा बॅटऱ्या घालू नयेत. बॅटरी बदलल्याची तारीख वहीत किंवा दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि दर महिन्याला दिवा लावून पाहावा. कोकणासारख्या दमट हवेत स्पर्शपट्ट्यांवर हिरवट थर चढतो, तो कोरड्या कापडाने पुसावा.

कळ आणि चाप

विजेरीच्या निवडीत जिवाशी गाठ असलेला प्रश्न कळीचा आहे. बहुतेक विजेऱ्यांची कळ मागील बाजूस, चापाच्या संरक्षक कड्यापुढे, दोन्ही बाजूंना असते. ती आधाराच्या हाताच्या अंगठ्याने चालवायची असते. काहींत ती खाली दाबावी लागते, काहींत पुढे ढकलावी लागते, काहींत फिरवावी लागते. दाबून ठेवेपर्यंत लागणारा दिवा आणि एकदा दाबल्यावर लागूनच राहणारा दिवा अशा दोन रीती असतात. दोन्ही रीती उपलब्ध असाव्यात, पण त्यांत गोंधळ होऊ नये. लुकलुकणारा झोत अपघाताने सुरू होणार नाही किंवा तो बंद ठेवता येईल, अशी सोय असलेली विजेरी नवख्यासाठी अधिक बरी.

काही विजेऱ्यांना मुठीच्या पुढच्या बाजूस, चापाच्या कड्याखाली दाबपट्टी जोडता येते. पकड आवळली की दिवा लागतो. सोय आकर्षक वाटते, पण दिवा लावण्यासाठी ज्या हाताची बोटे आवळायची, त्याच हाताच्या तर्जनीशेजारी चाप असतो. ताणाच्या क्षणी एक बोट आवळताना शेजारचे बोटही आपोआप आवळले जाते. २०१० साली टेक्सास राज्यातील प्लॅनो शहरात एका पोलिस अधिकाऱ्याच्या गोळीने एका तरुणाचा मृत्यू झाला. आपल्याला दिवा लावायचा होता, चाप ओढायचा नव्हता, असे त्या अधिकाऱ्याचे म्हणणे होते. ‘डेन्व्हर पोस्ट’ या वृत्तपत्राने २०१४ साली अशा प्रकारच्या अपघातांचा मागोवा घेणारे वृत्त प्रसिद्ध केल्यावर या दाबपट्टीची चर्चा अधिकच झाली.

यातून निघणारा नियम साधा आहे. चापाच्या बोटाला चापाखेरीज दुसरे काम देऊ नये. दिव्याचे काम नेहमी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचे. खरेदीपूर्वी रिकाम्या पिस्तुलावर विजेरी बसवून पकड न बदलता अंगठा कळीपर्यंत पोहोचतो काय, हे पाहणे अत्यावश्यक आहे. हात लहान असेल तर अनेक लोकप्रिय विजेऱ्या येथेच नापास होतात.

रेल, होल्स्टर आणि चाचणी

विजेरी रेलवर घट्ट बसली पाहिजे. बऱ्याच विजेऱ्यांबरोबर निरनिराळ्या खाचांसाठी बदलायचे तुकडे येतात. चुकीचा तुकडा लावला तर विजेरी हलते आणि गोळीबारात सैल होते. काही आखूड पिस्तुलांवर रेलच नसते. त्यांना चापाच्या कड्यावर आवळायची खास विजेरी लागते आणि ती त्याच पिस्तुलासाठी बनवलेली असावी लागते.

होल्स्टरचा विचार बहुतेक जण शेवटी करतात, तो आधी करायला हवा. साध्या होल्स्टरमध्ये विजेरीसह पिस्तूल बसत नाही. पिस्तूल आणि विजेरी या नेमक्या जोडीसाठी बनवलेले होल्स्टर घ्यावे लागते. विजेरी जेवढी रुंद तेवढे होल्स्टरचे तोंड रुंद. ते फार रुंद झाले तर चापाच्या कड्याशेजारी फट राहते आणि तिच्यातून कपड्याची नाडी किंवा बोट आत जाऊ शकते. अशी फट दिसली तर ते होल्स्टर नाकारावे. ज्या विजेरीसाठी चांगले होल्स्टर मिळत नाही ती कितीही तेजस्वी असली तरी कमरेला बाळगण्याच्या पिस्तुलासाठी निरुपयोगी आहे.

विजेरीमुळे पिस्तुलाच्या वर्तनातही फरक पडू शकतो. तिसऱ्या पिढीच्या .४० कॅलिबरच्या ग्लॉक २२ वर विजेरी बसवल्यानंतर काडतूस अडकत असल्याच्या तक्रारी अमेरिकेतील काही पोलिस दलांतून आल्या होत्या. सांगाड्याला अतिरिक्त वजन जोडले की त्याची लवचीकता आणि स्लाइडची गती बदलते. मॅगझिनमधील स्प्रिंग तेवढ्या वेगाने पुढचे काडतूस वर आणू शकली नाही तर ते अडकते. मॅगझिनच्या अधिक ताठ स्प्रिंगा हा त्यावरील एक उपाय ठरला. म्हणून विजेरी बसवल्यावर अधिकृत सराव केंद्रावर, नेहमी वापरायच्याच काडतुसांनी, दिवा लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे चाचणी घेतल्याशिवाय त्या जोडीवर विसंबू नये. गोळीबारानंतर विजेरी सैल झाली काय, झोत विझला काय आणि भिंगावर काजळी किती चढली, हे तपासावे. नळीच्या तोंडातून निघणारा धूर थेट भिंगावर बसतो आणि प्रकाश लक्षणीय कमी करतो. त्यामुळे भिंगाची सफाई हा पिस्तुलाच्या सफाईचाच भाग समजावा.

विजेरी बसवताना, काढताना आणि बॅटरी बदलताना आधी मॅगझिन काढावे, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी आणि नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवावे. या कामात हात नळीच्या तोंडाजवळ जातात, हे विसरता कामा नये.

शोधण्यासाठी नव्हे

विजेरीचा झोत जिकडे वळतो तिकडेच नळीचे तोंडही वळते. म्हणून पिस्तुलावरील विजेरीने किल्ल्या शोधणे, आवाज कशाचा आला ते पाहणे किंवा घरातील माणसांच्या चेहऱ्यांवर झोत टाकणे म्हणजे त्यांच्यावर भरलेले पिस्तूल रोखणे होय. अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी शस्त्रसुरक्षेचे चार नियम रूढ केले : प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असेच समजावे, जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी रोखू नये, नेम साधेपर्यंत बोट चापावर नेऊ नये आणि लक्ष्य व त्यामागे काय आहे याची खात्री करावी. दुसरा आणि चौथा नियम अंधारात एकमेकांशी झगडतात. खात्री करायला प्रकाश हवा, पण प्रकाशासाठी नळी रोखायची नाही. यावर उपाय म्हणजे एक साधी हातातली विजेरी. शोध हातातील विजेरीने घ्यावा, खोलीतील दिव्याचे बटण हाताशी असेल तर आधी ते दाबावे आणि धोका निश्चित झाल्यावरच पिस्तुलावरील दिव्याकडे वळावे. पिस्तुलावर विजेरी असणाऱ्यानेही खिशात दुसरी ठेवणे म्हणूनच अनिवार्य आहे. झोत जमिनीवर किंवा छतावर टाकून परावर्तित उजेडात पाहण्याची पद्धतही प्रशिक्षणात शिकवली जाते.

विजेरीची आणखी एक मर्यादा आहे. ती बंद दारापलीकडचे दाखवू शकत नाही. १४ फेब्रुवारी २०१३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याने स्नानगृहातील शौचालयाच्या बंद दारातून गोळ्या झाडल्या आणि त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प मृत्युमुखी पडली. आत घुसखोर असल्याचे वाटले, हा त्याचा बचाव होता. २०१५ साली तेथील अपील न्यायालयाने त्याला खुनासाठी दोषी ठरवले. दारामागे जो कोणी असेल तो मरू शकतो हे त्याला ठाऊक होते, हा त्या निकालाचा गाभा. न दिसणाऱ्या माणसावर गोळी झाडणे हा गुन्हा कोणत्याही उपकरणाने सौम्य होत नाही.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र बाळगणे हा परवान्याचा विषय आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ त्याचे नियमन करतात. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकांसाठी निषिद्ध वर्गात मोडते. त्यामुळे त्यांच्याकडे बहुधा .३२ सारख्या कॅलिबरची पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर असतात. त्यांपैकी जुन्या धाटणीच्या शस्त्रांवर रेल नसते. ईशापूरच्या कारखान्यात बनलेले, ब्राउनिंगच्या आराखड्यावरील ९ मिलिमीटरचे सरकारी पिस्तूलही मुळात रेलविरहितच आहे. रेल नसलेल्या पिस्तुलाला कारागिराकडून छिद्रे पाडून किंवा जोडकाम करून विजेरी बसवण्याचा मोह टाळावा. शस्त्राच्या सांगाड्यात फेरफार करणे यांत्रिक दृष्टीने धोक्याचे आणि कायद्याच्या दृष्टीने अडचणीचे ठरू शकते. अशा परवानाधारकाला हातातली उत्तम विजेरी हाच योग्य पर्याय होय.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत खासगी बचावाचा हक्क सांगितला आहे. बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्यापर्यंत तो हक्क पोहोचत नाही. आवश्यक काय होते, हे पुढे न्यायालयात ठरते आणि तेथे पहिला प्रश्न समोर काय दिसले हाच असतो.

खरेदीपूर्वी थोडक्यात

– वापर घरात होणार की मोकळ्यावर, हे ठरवून ल्युमेन आणि कँडेला दोन्ही पाहावेत.
– विजेरी खऱ्या शस्त्राच्या धक्क्यासाठी बनवलेली असावी. प्रतिकृती घेऊ नये.
– कळ दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला सहज पोहोचावी. चापाखालील दाबपट्टी टाळावी.
– नेमक्या जोडीचे, फट न राहणारे होल्स्टर मिळते याची आधी खात्री करावी.
– बॅटऱ्या जोडीने बदलाव्यात, तारीख लिहावी, दरमहा तपासणी करावी.
– नेहमीच्या काडतुसांनी पूर्ण चाचणी झाल्याशिवाय विसंबू नये.
– रिकाम्या पिस्तुलावर अंधारात कळ चालवण्याचा सराव नियमित करावा.
– हातातली विजेरी सदैव जवळ असावी.

यापैकी एकही अट पुरी होत नसेल तर विजेरीवाचूनचे पिस्तूल आणि हातातला विश्वासू दिवा ही जोडी अधिक सुरक्षित ठरते.